कॅप्टनसाहेबांची मेडल्स आणि दादरचं फ्रेमवाल्यांचं दुकान

आमच्या हॉस्पिटलच्या दिवंगत कॅप्टनसाहेबांची मेडल्स फ्रेम करून घेतली, त्याचा हा रिव्ह्यू. आधी दुकानाचं सांगते. दादर वेस्टला कबुतरखान्याकडून आत गल्लीत शिरलं की छोटासा गाळा आहे, बाहेर गजानन महाराज, स्वामी समर्थ, लग्नाचे कोलाज असं सगळं लटकवलेलं, त्यामुळे इथे मिलिटरीच्या मेडल्सचं काम होतं असं बाहेरून कोणाला वाटणारच नाही. मलाही वाटलं नव्हतं. आमच्या हॉस्पिटलमध्ये नेव्हीतून रिटायर झालेले एक आजोबा डायलिसिसला येतात, त्यांनी सांगितलं की दुसरीकडे कुठे देऊ नको, ह्यांच्याकडेच जा, मालकांचे वडील कुलाब्याच्या ऑफिसर लोकांची मेडल्स शिवून द्यायचे, ते काम ह्यांच्या हातात आहे. म्हणून गेले.

त्याआधी एका दुसऱ्या दुकानात जाऊन आले होते, मोठं एसी दुकान, काचेचा दरवाजा वगैरे. तिथल्या मुलाने मेडल्स हातात घेतली, वजन केल्यासारखी हलवली आणि म्हणाला, मॅडम सगळी पॉलिश करून चकाचक करतो आणि मागून ग्लू मारून चिकटवतो, परत हलणार नाहीत. काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त रुमाल परत गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. मी समजले, उठले.

काकू म्हणजे आमच्या कॅप्टनसाहेबांच्या मिसेस. साहेब गेल्या वर्षी गेले, ८१व्या वर्षी, घरीच, झोपेत. मी त्यांच्या नात्यातली नाही. आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होते आणि मी १९९६ला स्टोअरमध्ये क्लार्क म्हणून लागले ती त्यांच्या हाताखालीच तयार झाले. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांच्या मेडल्सची एक फ्रेम घरी आणि एक हॉस्पिटलमध्ये लावायची असं आम्ही जुन्या स्टाफने ठरवलं, वर्गणी काढली, आणि काकूंना घेऊन दादरला जायची जबाबदारी माझ्यावर आली.

आता दुकानात काय झालं ते नीट लिहिते कारण त्याच्यासाठीच हा रिव्ह्यू आहे. मालक सत्तरीच्या आसपासचे असतील, बनियनवर हाफ शर्ट, चष्मा दोरीला. त्यांनी काकूंना आधी स्टूल दिलं, पाणी दिलं, मग काउंटरवरचं सगळं बाजूला करून एक पांढरं फडकं अंथरलं आणि मग म्हणाले, वहिनी, आता उघडा. काकूंनी रुमाल सोडला. मालकांनी एकेक मेडल कडेने उचललं, मधे बोट लावलं नाही, आणि भिंगातून त्याची कड वाचायला लागले. मला तीस वर्षं झाली हॉस्पिटलमध्ये, साहेबांना इतकी वर्षं ओळखत होते, पण मेडलच्या कडेवर नंबर, रँक, नाव सगळं ठोकलेलं असतं हे मला त्या दिवशी कळलं! अक्षरं इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांनी रेघ वाटते. मालक म्हणाले, म्हणूनच ह्याला पॉलिश करायचं नाही, चिंच नाही, पावडर नाही, घासून घासून लोक आपल्याच माणसाचं नाव पुसतात. बघा ह्याच्यावर अजून सिपाही लिहिलंय आणि ह्याच्यावर हवालदार, म्हणजे माणूस कसा चढत गेला ते कडेवर कळतं.

काकूंनी भिंग मागून घेतलं. बराच वेळ बघत होत्या. मागे एक माणूस लग्नाच्या फ्रेमसाठी घाई करत होता, त्याला मालकांनी हाताने थांब म्हणून सांगितलं.

साहेब सातारा जिल्ह्यातले, अपशिंगे मिलिटरीच्या पंचक्रोशीतले. तिकडे घरटी एक माणूस फौजेत. ६२च्या लढाईनंतर भरती जोरात होती तेव्हा १९६३ला भरती झाले, आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून. ट्रेनिंग लखनौला. ६५ला ते मागच्या हॉस्पिटलात होते, ७१ला पूर्वेला फील्ड अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, म्हणजे लढाईच्या जवळ जखमींवर उपचार करणाऱ्या तुकडीत. मग हवालदार, सुभेदार करत करत मिलिटरी हॉस्पिटलचे स्टोअर्स सांभाळले आणि नोकरीच्या शेवटी २६ जानेवारीला ऑनररी कॅप्टन झाले. १९९१ला पेन्शनवर आले आणि १९९२ला आमच्याकडे. हे सगळं मी एका दमात सांगितलं, तर मालक म्हणाले, ६५ला मागे होते ना, म्हणूनच समर सेवा स्टार नाही, रक्षा मेडल आहे, बरोबर. स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागात होते त्यांना, रक्षा मेडल तेव्हा नोकरीत होते त्यांना. आणि ७१चा पूर्वी स्टार आहे, तो पहिला लागणार.

क्रम असतो ह्याला. आम्ही आपलं दिसायला छान म्हणून पाचकोनी स्टार मधे आणि गोल मेडल्स दोन्ही बाजूंना असा विचार करून गेलो होतो, मी तर कागदावर डिझाइन पण काढून नेलं होतं. मालकांनी तो कागद बघितला, छान आहे म्हणाले, आणि बाजूला ठेवला. मग फडक्यावर लावून दाखवलं: पूर्वी स्टार, रक्षा मेडल, संग्राम मेडल, मग सैन्य सेवा मेडल ज्याच्या रिबनवर जम्मू-काश्मीरची पट्टी आहे, मग स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल जे १९७२ला मिळालं, मग वीस वर्षं सेवेचं. आणि मग थांबले. म्हणाले, वहिनी, वीस वर्षांचं आहे म्हणजे नऊ वर्षांचं पण असणार. ते कुठंय?

ते नव्हतं! काकूंना घरी जाऊन आठवलं की नातू शाळेत फॅन्सी ड्रेसला सैनिक झाला होता तेव्हा एक मेडल लावून गेला होता. तेच बहुतेक. नातू आता इंजिनियर आहे.

इथे मला ह्या दुकानाचा खरा मान वाटला. दुसरा कोणी असता तर बाजारातलं एक डुप्लिकेट लावून मोकळा झाला असता, कोणाला कळणार होतं. ह्यांनी सांगितलं की मी प्रतिकृती लावेन पण मागच्या बाजूला तसं लिहीन, आणि तुम्ही रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, मेडिकल कोअरचं रेकॉर्ड लखनौला आहे, कसं करायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतील. आणि हॉस्पिटलच्या फ्रेममध्ये सगळीच प्रतिकृती लावा, ओरिजिनल घराबाहेर ठेवू नका, रिसेप्शनवर शंभर माणसं येतात जातात.

मग त्यांनी एक वही काढली. दोन कॉलम. प्रत्येक मेडलचं नाव, कडेवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं, कुठे ओरखडा आहे, रिबन कशी आहे, आणि खाली काकूंची सही आणि त्यांची सही. एका ठिकाणी नंबर लिहिताना त्यांचा आकडा चुकला तर त्यांनी खोडलं नाही, एक आडवी रेघ मारली, वर बरोबर आकडा लिहिला आणि बाजूला बारीक सही केली.

मी ते बघितलं आणि माझ्या डोळ्यात पाणीच आलं. कारण नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी स्टॉक रजिस्टरला व्हाइटनर लावला होता, सलाइनच्या बाटल्यांचा आकडा चुकला म्हणून, आणि साहेबांनी अख्खं पान मला परत लिहायला लावलं होतं, संध्याकाळी साडेसातपर्यंत बसवून. मी रडले होते. ते म्हणाले, पोरी, चूक झाकायची नाही, चूक दिसली पाहिजे, एक रेघ मार, बरोबर लिही, सही कर. उद्या पेशंटला काही झालं तर पहिलं हे रजिस्टर बघतील. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता, खोटं कशाला बोलू. रागीट होतेच ते. वॉर्डबॉय, मावशी, डॉक्टर, कोणालाही सगळ्यांसमोर झापायचे आणि ते काही चांगलं नव्हतं, दोन चांगले लोक त्यामुळे सोडून गेले हे मी बघितलंय. पण सकाळी सहाला राउंड सुरू करायचे तो केबिनमधून नाही, लॉन्ड्रीतून. मग किचन, मग ऑक्सिजन रूम, मग स्टोअर, आणि सगळ्यात शेवटी केबिन. चादरीला डाग दिसला की धोबीण मावशीला नाही, आधी सुपरवायझरला विचारायचे.

ऑक्सिजनचं गणित त्यांनी आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतलं होतं, अगदी क्लार्ककडून पण. जम्बो सिलिंडर म्हणजे ७००० लिटर धर, मिनिटाला पाच लिटर चालू असेल तर १४०० मिनिटं, म्हणजे तेवीस तास. दहा लिटर असेल तर साडेअकरा. मधेच कॉरिडॉरमध्ये अडवून विचारायचे, आठ लिटरला किती? मला वाटायचं स्टोअरच्या बाईला हे कशाला.

कशाला ते २६ जुलै २००५ला कळलं. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमचं हॉस्पिटल त्याच पट्ट्यात. साडेतीनला आवारात पाणी घोट्याला लागलं तेव्हाच साहेबांनी लिफ्ट बंद करायला लावली आणि सांगितलं, तळमजल्यावरचे भरलेले सिलिंडर वर. तेव्हा आम्हाला वाटलं जरा घाईच करतायत. एकेक सिलिंडर साठ-पासष्ट किलोचा. आधी टोप्या घट्ट आहेत का ते स्वतः हात लावून बघितलं, मग जिन्याच्या पायऱ्यांवर जुन्या गाद्या टाकल्या, चादर दोनदा गुंडाळून दोघं वरून ओढणार, दोघं खालून लावणार, पेशंटचे नातेवाईक पण लागले. १४ सिलिंडर गेले वर. सहापर्यंत ऑक्सिजन रूममध्ये कमरेएवढं पाणी होतं. त्या रात्री वर ९ पेशंट ऑक्सिजनवर होते आणि मी टॉर्च धरून प्रत्येकाच्या बेडपाशी पाटीवर लिहीत होते, हा इतक्या वाजता लावला, हा इतक्या वाजता संपणार. सगळे नऊच्या नऊ सकाळ बघू शकले. साहेब तेव्हा ६१ वर्षांचे, रात्रभर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जिन्यात उभे.

पुढच्या वर्षी ११ जुलैला लोकलमध्ये सात स्फोट झाले तेव्हा जखमी आमच्याकडेही आले. त्याबद्दल जास्त लिहित नाही, अजून नको वाटतं. एवढंच सांगते की पोर्चमध्ये उभं राहून साहेब नर्सेसना ओरडून सांगत होते, जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, गप्प पडलाय त्याला आधी बघा. ७१ला तिकडे शिकलेलं ते. युद्धाबद्दल ते एरवी काहीच सांगायचे नाहीत, १६ डिसेंबरला, ७१च्या विजय दिवसाला, स्टाफ क्लबात पेढे मात्र न चुकता वाटायचे.

आणि एक, जे बाहेरच्यांना कधी दिसलं नाही. २००६ला हायकोर्टाची स्कीम आली, धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के बेड निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायचे, आणि बिलाचे २ टक्के वेगळ्या फंडात टाकायचे. साहेबांनी पेंटर बोलावून मोठ्या मराठी अक्षरात त्याचा बोर्ड करून घेतला आणि बिलिंगच्या खिडकीच्या वर लावला, आत नाही, वर, जिथे रांगेत उभ्या माणसाला मान वर केली की दिसेल. लोक येऊन विचारायला लागले. पिवळं रेशनकार्ड घेऊन आलेल्या माणसाला डिपॉझिट मागितलं तर साहेब बिलिंगवाल्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे, काही न बोलता.

परत दुकानाकडे येते, भरकटले जरा.

काम कसं झालंय ते. फ्रेम सागवानी आहे, एमडीएफ नाही, मालक म्हणाले मुंबईच्या पावसात एमडीएफ फुगतं. मेडल्स चिकटवलेली नाहीत, रिबनमधून दोऱ्याने मागच्या बोर्डाला टाचून बसवलीत, एकमेकांवर आपटत नाहीत. काच मेडल्सना टेकत नाही, मधे बोटभर जागा सोडलीय. मागची बाजू चार स्क्रूने उघडते, म्हणजे उद्या कोणाला कडेवरचं नाव वाचायचं तर वाचता येईल, आणि आत दमट होऊ नये म्हणून सिलिकाची पुडी ठेवलीय, ती दर पावसाळ्यानंतर बदला असं सांगितलंय. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, उन्हात लावू नका, रिबनचा रंग उडतो. कापडाचे तीन तुकडे दाखवले होते, काकूंनी राखाडी घेतलं, म्हणाल्या ह्यांचा स्वेटर असाच होता.

तक्रार पण लिहिते. फोटोचं काम पहिल्यांदा साफ बिघडवलं. साहेबांचा युनिफॉर्ममधला ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता, बुरशीचे ठिपके आलेले, तो स्कॅन करून नीट करायचा होता. दुकानात कॉम्प्युटरवर जो मुलगा बसतो त्याने ठिपके काढता काढता चेहराच गुळगुळीत करून ठेवला, गोरापान, एखाद्या सिरियलमधल्या हीरोसारखा. काकूंनी बघितलं आणि म्हणाल्या, हे कोण? साहेबांच्या डाव्या भुवईवर कापल्याचा जुना व्रण होता, तो गायब. मालक त्या मुलाला रागावले नाहीत, त्याला बोलावून काकूंच्या समोर बसवलं आणि म्हणाले, ह्या सांगतील तसं कर. काकू स्क्रीनवर बोट ठेवून सांगत होत्या, अरे इथे बाळा, इथून असा तिरका, विहिरीच्या कठड्यावर पडले होते लहानपणी. तासभर लागला. व्रण परत आला. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

दुसरी तक्रार वेळेची. दहा दिवस म्हणाले होते, अठरा लागले. फोन उचलत नाहीत, उचलला तर आवाज येत नाही. वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी फ्रेम हातात आली तोपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता, ते बरोबर नाही, अशा कामाची तारीख परत परत येत नसते. बिल मागितलं तरच देतात. यूपीआय चालतं. दोन फ्रेम, प्रतिकृती, फोटो सगळं मिळून ९४०० झाले. स्वस्त नाही, पण काम बघितल्यावर मला जास्तही वाटले नाहीत.

फ्रेमच्या खाली पितळी पट्टीवर काय लिहायचं ह्यावरून आमच्या स्टाफच्या ग्रुपवर चार दिवस चर्चा चालली होती. कर्मयोगी, शिस्तीचा महामेरू, रुग्णसेवेचा दीपस्तंभ असं सगळं आलं होतं. मालकांनी ती यादी वाचली आणि विचारलं, ते स्वतः असं काही लिहायचे का कधी? आम्ही एकमेकांकडे बघितलं. साहेब रजेचा अर्ज पण दोन ओळींचा लिहायचे. शेवटी नाव, त्याखाली आर्मी मेडिकल कोअर १९६३–१९९१, त्याखाली प्रशासक १९९२–२०११. बस. काकूंनी त्यात मेडिकल कोअरचं ब्रीद घालायला सांगितलं, सर्वे सन्तु निरामयाः, ते बारीक अक्षरात खाली आहे.

हॉस्पिटलमधली फ्रेम ट्रस्टींना रिसेप्शनला हवी होती. आम्ही हट्टाने ऑक्सिजन रूमच्या बाहेर लावली. ती रूम आता पहिल्या मजल्यावर आहे.

कोणाच्या घरी आजोबांची, वडिलांची मेडल्स डब्यात, रुमालात पडली असतील त्यांनी इथे जरूर जा. जाताना घरातलं एक मोठं माणूस बरोबर न्या, कारण मालक विचारतात खूप, कुठल्या सालात कुठे होते, कुठली युनिट, आणि ते तुम्हाला माहीत नसलं तर काम अडतं. तारखेच्या आधी निदान महिनाभर द्या. मेडल्स कुरिअरने पाठवू नका, त्यांनीच नको सांगितलंय. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं.

नऊ वर्षांच्या मेडलचा अर्ज आम्ही टाकलाय, काकूंनी स्वतःच्या हाताने लिहिला, एका ठिकाणी तारीख चुकली तर त्यांनी आडवी रेघ मारून बाजूला सही केली. ओरिजिनल आलं की फ्रेम उघडून बदलून देतो, त्याचे पैसे घेणार नाही असं मालकांनी वहीत लिहून दिलंय. तोपर्यंत मागे चिठ्ठी आहे, सातवं मेडल प्रतिकृती, खाली दोन सह्या.